बानूची आई

आमच्या घाटनांदूरच्या घरात रोमन देव आले ते शेवयांच्या दिवसांत. आंबाजोगाईहून माझ्याबरोबर एस.टी.त बसून आले म्हटलं तरी चालेल, कारण मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते, परीक्षा तोंडावर आली होती आणि पाठ करायला मला मोठ्यानं बोलावं लागायचं. मनातल्या मनात वाचलेलं माझ्या डोक्यात कधी टिकलंच नाही. आजही औषधाच्या बाटलीवरच्या सूचना मी मोठ्यानं वाचते आणि घरातले हसतात. मोठ्यानं बोलायला घरात जागा एकच होती, मागचं अंगण, लिंबाच्या सावलीतलं. पुढं अप्पांचं किराणा दुकान, मधे माजघर आणि देवघर, आणि मागं हे अंगण. चैत्र लागला की त्या अंगणात गल्लीतल्या बायकांचं राज्य असायचं. म्हणजे माझा अभ्यास त्यांच्या कानावर पडायचाच, त्याला इलाज नव्हता.

ते दिवस आमच्या दुकानालाही नवे होते. सुट्टं तेल, सुट्टा चहा मागणारी गिऱ्हाइकं आता पुडी मागायला लागली होती. शांपूच्या छोट्या पाकिटांच्या माळा दुकानाच्या दारात लटकायच्या आणि येणाऱ्याजाणाऱ्याच्या डोक्याला लागायच्या. समोर एस.टी.डी.चा पिवळा बूथ निघाला होता, आणि दोन घरं सोडून केबलची वायर आली होती. अप्पा म्हणायचे, "आता समदं डब्यात न् पुडीत येनार. शेवया बी येतील बघ." आल्याही पुढं. पण तेव्हा गल्लीतल्या कुठल्याच बाईला पुडीतली शेवई खरी वाटायची नाही. सोजी भिजवायची, तेलाचा हात लावून मळायची, कुटायची, आणि मग तिरक्या पाटावर दोन्ही तळव्यांनी ओढत ओढत दोऱ्यासारखी बारीक करायची. खाली दुसरी बाई ती झेलायची आणि काठीवर टाकायची. एका घरचं झालं की दुसऱ्या घरी. ज्या घरी शेवया, त्या घरी सकाळी सगळ्यांना मुरमुऱ्यांचा सुशीला आणि चहा, दुपारी भाकरी, शेंगदाण्याची चटणी, येसराची आमटी. कढीपत्ता घातलेल्या त्या सुशील्याचा वास आला की मला अजून अंगणातल्या बांगड्या ऐकू येतात.

आणि गाणी. आमचं घर वाण्याचं, लिंगायताचं, गळ्यात लिंग, कपाळाला विभूती. पण खंडोबाही घरचाच. त्याची थोरली बायको म्हाळसा ही वाण्याची लेक, म्हणजे आमच्यातली, आणि धाकटी बानू ही धनगराची. त्या दोघींचं भांडण आमच्या शेवयांवर वर्षानुवर्षं चालत आलं होतं. एक बाई म्हाळसेकडून ओवी टाकायची, दुसरी बानूकडून उचलायची. त्याला एक नियम होता. ओवीत कुणाला काही विचारलं, टोचलं, तर तिनं पाटावरून उठायच्या आधी ओवीतच उत्तर द्यायचं, आणि ते येईपर्यंत दुसऱ्या कुणी मधे पडायचं नाही. बोलून द्यायचं नाही, आणि अंगणातलं अंगणाबाहेर भांडण म्हणून न्यायचं नाही. सासवासुनांची, जावाजावांची कितीतरी उणीदुणी अशी म्हाळसा-बानूच्या नावावर निघून जायची. लहानपणी मला वाटायचं, देव बिचारा दोन बायकांत सापडलाय. त्या बायकांच्या नावाखाली आमच्या गल्लीतल्या बायका बोलताहेत हे कळायला बरीच वर्षं लागली.

आमच्या घरात ओव्यांचा मान आत्याचा. भागीरथी आत्या, अप्पांची थोरली बहीण. माझी आई मी लहान असतानाच गेली, तेव्हापासून घर आत्याच्याच हातात. आत्याला न्हाण आल्याबरोबर एका बिजवराला दिलेलं होतं, आणि त्याची पहिली बायको घरात जिवंत होती. नवरा लवकर वारला, थोरल्या सवतीनं हिला टिकू दिलं नाही, आणि आत्या परत आली ती कायमची. वाण्याच्या घरात बसून ही बाई दरवर्षी बानूची बाजू घ्यायची. नवख्या बायकांना नवल वाटायचं. "आत्याबाई, म्हाळसा तुमच्यातली की वो!" आत्या म्हणायची, "आसंल. मला बानू आवडती." आणि पाटावर ओढ अशी काही द्यायची की शेवई तुटायची नाही, पण बोलणं तुटायचं.

आता सय्यद सरांविषयी सांगते. आम्हाला इंग्रजी साहित्य ते शिकवायचे. ठेंगणे, पान खाणारे, वर्गात येताना पुस्तक कधी न आणणारे. साहित्याची पार्श्वभूमी म्हणून ग्रीक-रोमन देवांचा एक भाग होता. बाकीचे शिक्षक तो गाईडमधून पाठ करा म्हणून सोडून द्यायचे. सर त्यात रमायचे. म्हणायचे, "रोमवाल्यांनी देव ग्रीकांकडून आणले, नावं बदलली. झ्यूसचा ज्युपिटर केला, हेराची जुनो केली. पण तेवढ्यावर थांबले असते तर मी कशाला शिकवलं असतं? खरी कारागिरी त्यांच्या कवींची हाय. एकानं व्हीनस देवीला थेट बादशहाच्या खानदानात नेऊन बसवलं, बादशहाची पणजीच केली म्हणा. दुसरा मिजाशी माणूस. त्यानं देवांना तख्तावरून खाली उतरवलं. त्याचा ज्युपिटर बायकोला भिऊन ढगाआड लपतो. आणि जुन्या गोष्टीत ज्या बायका नुसत्या रडायच्या, त्यांना ह्यानं बोलायला लावलं." एका मुलानं विचारलं, "सर, मग खरी गोष्ट कोणती?" सर खिडकीबाहेर पिंक टाकून आले आणि म्हणाले, "ज्याची तुला आठवण राहिली ती." मी हे सगळं उतरवून घेतलं आणि अंगणात आणलं.

अंगणात मी पाठ करायला लागले ती इओ नावाच्या मुलीची गोष्ट. ज्युपिटरची नजर तिच्यावर गेली, जुनो धावत आली, म्हणून ज्युपिटरनं त्या मुलीची गाय करून टाकली. जुनो काय कच्ची नव्हती; तिनं ती गाय भेट म्हणून मागून घेतली आणि शंभर डोळ्यांचा राखण्या तिच्यावर बसवला. मी इंग्रजीत एक वाक्य म्हणायचे आणि मग कळलंय का बघायला मराठीत. तिसऱ्या वाक्याला बायकांचे हात थांबले. "मंग?" "गाय कोन्या रंगाची?" "पांढरी." "दूध देती का?" कुणीतरी म्हणालं, "ज्यूनूबाई बरी हाय, डोळ्यात तेल घालून नवऱ्याला बघती." आठवडाभरात ज्यूनूबाई आमच्या गल्लीतलीच झाली. माझा अभ्यास इतका पक्का झाला की त्या पेपरात मला विद्यापीठात नाव काढण्याइतके गुण मिळाले, पण ते पुढचं.

आत्यानं मात्र त्यातून भलतंच उचललं. एका दुपारी भाकरी वाढता वाढता ती अप्पांना म्हणाली, "बघ, तिकडं सायबाच्या देशात बी देवाला एक बायको पुरली न्हाई. आपल्या देवानं बी दोन केल्या. मंग मन्मथनं केली तर काय आभाळ कोसळतं का?" मन्मथ म्हणजे माझा दादा. त्याच्या लग्नाला सात वर्षं झाली होती, आणि मूल नव्हतं. अप्पांनी ताटात बघितलं. त्यावरून मला कळलं की हे बोलणं आज पहिल्यांदा निघालेलं नाही. दुसरं लग्न कायद्यात बसत नाही हे अप्पांना ठाऊक होतं. पण देवळात हार घालून आणलेल्या कितीतरी धाकट्या आमच्या पंचक्रोशीत नांदत होत्या, आणि कायदा त्यांच्या दारात कधी आला नव्हता. दादा मान खाली घालून जेवत होता. माझा दादा मनानं वाईट नव्हता, पण त्याच्यासाठी दुसऱ्यांनी ठरवलेलं त्याला नेहमीच सोयीचं वाटायचं.

आणि आतून आमटी घेऊन येत होती ती वहिनी. महानंदा, उदगीरची. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी, गव्हाळ, हसताना तोंडावर पदर घेणारी. लग्न होऊन आली तेव्हा मी फ्रॉकमध्ये होते; माझ्या वेण्या तिनं घातल्या, माझी पहिली साडी तिनं नेसवली. मला तिच्यावर आईसारखी माया होती, आणि ते मी तिला कधी सांगितलं नाही, कारण आमच्या घरात असं कुणी कुणाला सांगत नसे. तिच्याबरोबर आंबाजोगाईच्या दवाखान्यात मीच गेले होते, दोनदा. घरी सांगितलं होतं, माझ्या कॉलेजातलं काम आहे. तपासण्या झाल्या. दोन्ही वेळा डॉक्टरीणबाई एकच म्हणाल्या, "तुमच्यात काही दोष नाही. आता यजमानांना घेऊन या." वहिनीनं दादाला सांगितलं. दादा म्हणाला, "मला काय झालंय?" आणि दुकानात जाऊन बसला. ही गोष्ट घरात तिघांनाच ठाऊक होती, आणि तिघांपैकी एकालाही ती तोंडातून काढता येत नव्हती. नवऱ्यात दोष असेल असं म्हणणारी सून त्या काळात, त्या घरात, एक दिवस राहिली नसती.

मुलगी नेकनूरची ठरत होती. विधवा आईच्या पदरात चार लेकी, त्यांतली दुसरी. आत्यानं निरोप धाडला होता की शेवयांना म्हणून या, घर बघून जा. म्हणजे उद्या फिसकटलं तरी कुणाचं नाव नको. हे कळलं त्या संध्याकाळी वहिनी माझ्याजवळ येऊन बसली. मी नोट्स उघडून बसले होते. मी तिला म्हणाले, "वैनी, तू उदगीरला निघून जा. तुझा भाऊ चांगला हाय." ती म्हणाली, "मला कोनी जा म्हनत न्हाई, वन्सं. थोरली म्हनून ठिवून घेनार हायेत. तेच तर." मग ती माझ्या वहीकडं बघायला लागली. वाचता तिला येत होतं, पण इंग्रजी नाही. मधेच म्हणाली, "त्या गायीचं पुढं काय झालं? त्या दिशी आत्याबाईनं हाक मारली, मी आत गेलते."

मी सांगितलं. गाय फिरत फिरत आपल्या बापाच्या नदीकाठी आली. बाप तिला ओळखेना, गवत चारायला लागला. तेव्हा तिनं खुरानं मातीत आपलं नाव काढलं, आणि बाप तिच्या शिंगांना धरून रडला की मी तुझ्या लग्नाची तयारी करत होतो गं. वहिनी म्हणाली, "हे पयल्यापासून हाय?" मी म्हणाले, सर म्हणतात जुन्या गोष्टीत राग होता, गाय होती, राखण्या होता; मातीतलं नाव आणि बापाचं हे रडणं त्या रोमन कवीनं घातलं. "आपल्या मनानं?" "आपल्या मनानं." "मंग पाप न्हाई लागलं त्याला?" मी सांगितलं, पापाचं माहीत नाही, बादशहानं त्याला हद्दपार केलं, पण ते नेमकं कशापायी, हे कुणालाच ठाऊक नाही. "देव भांडत बसले, आन् त्याला पोरीचा बाप आठवला," ती म्हणाली, आणि भाकरी टाकायला उठून गेली.

नेकनूरच्या सुभद्राबाई दोन दिवसांनी सकाळच्या गाडीनं आल्या. बरोबर मुलगी नव्हती, एक भावजय होती. हिरवं लुगडं, उन्हानं रापलेला चेहरा, कामाचे हात. सुशीला पोटभर खाल्ला नाही, बशीत थोडा ठेवला. परक्या घरी माणूस ठेवतं तसा. आत्यानं त्यांना पाटाजवळ मानानं बसवलं. पाटावर आत्या, खाली झेलायला वहिनी, भोवती गल्लीतल्या सहा-सात जणी. मी पायरीवर पुस्तक घेऊन बसले होते आणि एक अक्षर वाचत नव्हते. आत्यानं सुरुवात केली. नेहमीची दोन-चार झाली, देवाच्या घोड्याची, भंडाऱ्याची, आणि मग तिनं जी टाकली ती त्या दिवसासाठीच राखून ठेवलेली असावी:

म्हाळसाबाई पुसे, देवा घरात काय उणं
देव बोलतो नारी, पाळण्यावाचून सुनं.

ओवी कुणावर पडली ते सगळ्यांना कळलं. मला उठून आत्याच्या हाताखालचा तो पाट उलथून टाकावासा वाटला. वहिनीनं झेललेली शेवई शांतपणे काठीवर टाकली. मग तिनं म्हटलं. तिचा आवाज काही मोठा नव्हता, थोडा बसकाच होता.

देवानं नेली बानू, मेंढरं राहिली रानी
बानूच्या ग आईला, पुसलं का सांगा कुणी?

आत्याचे हात पाटावर थांबले. म्हाळसा-बानूच्या गाण्यात देव असतो, दोघी असतात, घोडा असतो, मेंढरं असतात. बानूची आई आमच्या अंगणात तोवर कुणी ऐकलेली नव्हती. एक म्हातारी हळूच म्हणाली, "ही कुटली काढलीस गं?" पण वहिनी थांबली नाही. सुभद्राबाईंकडं बघतही नव्हती, काठीवरच्या शेवया सारख्या करत होती.

लेक द्यायाच्या आधी, माये उंबऱ्याशी ये ना
म्हाळसा काय सांगते, तेवढं कानाशी घे ना.

वैद्याच्या दारी गेले, दोनदा मी एकली
देवाची ग पावलं, गडाखाली ना उतरली.

दवाखान्याच्या त्या दोन फेऱ्या तिनं भर अंगणात आणल्या होत्या. बोलली असती तर घराची अब्रू काढली म्हणून तिला त्याच दिवशी उदगीरची गाडी दाखवली असती. पण हे बोलणं नव्हतं. आत्याच्याच अंगणात, आत्याच्याच नियमानं टाकलेली ओवी होती, आणि आता ज्या बाईवर ती पडली होती तिनं उत्तर दिल्याशिवाय कुणालाच मधे पडता येत नव्हतं. आत्यालासुद्धा नाही. आत्या सुभद्राबाईंकडं बघत होती. त्या नजरेत राग होता की काय होतं, मला त्या दिवशी सांगता आलं नसतं.

सुभद्राबाईंनी पदरानं कपाळ पुसलं. भावजयीनं त्यांच्या कोपराला हात लावला, तो त्यांनी बाजूला केला. विधवेच्या पदरातल्या चार लेकींपैकी एक उजवायची संधी, दुकानवालं घर, दारात पिवळा बूथ, हे सगळं त्या बाईनं त्या क्षणाला मोजलं असणारच. मी मोजलं असतं. मग त्या पाटाकडं बघत, घोगऱ्या आवाजात म्हणाल्या:

बानूची आई बोले, म्हाळसे ऐकलं बाई
लेक माझी लहान, तिला गडाची घाई न्हाई.

आणि उठल्या नाहीत. घाण्यातली सोजी संपेपर्यंत आमच्याबरोबर शेवया करत बसल्या, दुपारची भाकरीही जेवल्या. निघताना वहिनीनं त्यांची ओटी भरली. सुभद्राबाईंनी तिच्या हनुवटीला हात लावला आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "येते गं माय." भावजय पुटपुटत होती, "कावून घाई केली नकार द्यायची, इचार तर करायचा." त्या तिला दारातच म्हणाल्या, "पोरगी माझी हाय." एस.टी. थांब्यापर्यंत त्यांना सोडायला मी गेले.

दुकानात अप्पांच्या कानावर काय गेलं, किती गेलं, मला माहीत नाही. आठ-दहा दिवस दादा घरात कुणाशी बोलला नाही. वहिनीनं वाढलेलं जेवायचा आणि उठायचा. आत्या वहिनीशी बोलत होती ती फक्त मीठ-पीठ. मग एका सोमवारी सकाळी दादानं धुतलेला सदरा घातला आणि वहिनीला म्हणाला, "चल." दोघं आंबाजोगाईच्या गाडीत बसून गेले. तपासणीत काय निघालं ते दादानं कधी सांगितलं नाही, आणि वहिनीनंही नाही. मीही विचारलं नाही. एवढं खरं की त्यानंतर आमच्या घरात पाळण्याचा शब्द कुणी काढला नाही, आणि दुसरी बायकोही आली नाही. मूल झालं नाही. दोघं आजही घाटनांदूरलाच आहेत, दुकान आता दादाला झेपत नाही, ते वहिनीच बघते. माणूस पूर्ण सुखी असतो असं मी म्हणत नाही, पण वहिनी तिच्या घरात ताठ बसते, आणि ते बघून मला अजून बरं वाटतं.

पुढच्या चैत्रात मी एम.ए.ला होते. सुट्टीला आले तर अंगणात शेवया चाललेल्या, पाटावर आत्या, खाली वहिनी. नव्यानं लग्न होऊन आलेली गल्लीतली एक पोर ओव्या शिकायला बसली होती. मी पाणी पीत दारात उभी होते, आणि आत्यानं म्हटलं, बानूच्या ग आईला, पुसलं का सांगा कुणी. तीच चाल, तेच शब्द. मला राहवलं नाही. म्हटलं, "आत्या, ही तर वैनीची ओवी!"

आत्यानं माझ्याकडं असं बघितलं की मी शाळेतली पोरगी झाले. "तुझी वैनी काल आली," ती म्हणाली. "ही लई जुनी हाय. माझी आई म्हनायची. मला दिलं ना, त्याच्या आदल्या दिशी म्हनलीती. म्हनता म्हनता रडली बी."

माझी आजी तशी कधीच म्हणाली नव्हती. लेकीला दिलं त्याच्या आदल्या दिवशी ती हौसेनं पुरण घालत होती, डोळ्यात टिपूस नव्हतं, हे खुद्द आत्यानंच मला कितीदा सांगितलेलं होतं. मी तोंड उघडणार, एवढ्यात वहिनीनं माझ्याकडं बघून नकाराची मान हलवली. मग त्या नव्या पोरीकडं वळून ती म्हणाली, "व्हय गं. मी बी आत्याबाईकडूनच शिकले."